बाबांचा सीझन बॉल, पुसलेली सही आणि सह्यांच्या चेंडूंचा बाजार

(एपिसोडचं लिखित रूप. अडखळणं आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. मी आज खालापूरच्या घरून रेकॉर्ड करतोय, बाहेर पाऊस आहे आणि आमच्या पत्र्यावर तो कसा वाजतो ते तुम्हाला माहितीच आहे.

आजचा विषय आहे जुने आणि सही केलेले चेंडू जमवणं. अमेरिकेत लोक बेसबॉल जमवतात, आपल्याकडे क्रिकेटचे बॅट-बॉल. लोक त्यासाठी लाखो रुपये का मोजतात, खोटी सही कशी ओळखायची, आणि घरात असा एखादा चेंडू असेल तर तो सांभाळायचा कसा, हे सगळं बोलू. पण आधी माझा एक गुन्हा कबूल करतो, कारण हा एपिसोड त्यामुळेच होतोय.

गुन्हा

आमच्या घरात एक सीझन बॉल आहे. १९९४ चा, म्हणजे माझ्याहून मोठा. बाबा तेव्हा खोपोलीकडच्या एका कारखान्यात होते आणि कंपनीच्या टीमकडून खेळायचे. आपल्याकडे कशा मॅचेस होतात ते तुम्ही बघितलंय. भात कापून झालं की शेत मोकळं होतं, रोलर फिरतो, मांडव पडतो आणि लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री सुरू. आता सगळीकडे टेनिस बॉल आहे, पण त्या वर्षी कंपन्यांची स्पर्धा सीझन बॉलवर होती. बाबांच्या टीमने फायनल मारली आणि त्या चेंडूवर अकरा जणांनी बॉलपेनने सह्या केल्या.

नव्या लाल चेंडूवर निळं पेन उमटत नाही. पण हा घासून घासून इतका फिका झाला होता की सह्या स्पष्ट दिसायच्या. स्टीलच्या डब्यात, आईच्या साड्यांच्या कपाटात तो पंचवीस-तीस वर्षं राहिला.

गेल्या जुलैत मी वर्क फ्रॉम होमवर होतो. कपाट उघडलं तर चेंडूवर पांढरी बुरशी. मला वाटलं, आपण हुशार आहोत, बीटेक केलंय. टेबलावर सॅनिटायझर होतंच. कापसावर घेतलं आणि पुसलं.

बुरशी गेली. कापूस निळा झाला. दोन सह्या गेल्या.

एक सही ज्यांची होती ते काका धडधाकट आहेत, ते हसले. दुसरी टीमच्या विकेटकीपरची होती. कीपर काका कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. बाबांनी चेंडू हातात घेतला, फिरवून बघितला आणि परत डब्यात ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी या विषयात शिरलो. आधी वाटलं, सही परत आणायचा काहीतरी मार्ग असेल. तो नाही मिळाला. पण बाकी बरंच काही मिळालं.

चेंडू ठेवायचा कोणी?

पहिला प्रश्न. अमेरिकेत चेंडू जमवायचं एवढं वेड आहे, मग आपल्याकडे क्रिकेट एवढं असून लोक बॅटच्याच मागे का?

उत्तर नियमात आहे. आपल्याकडे कोहलीने सिक्स मारला आणि स्टँडमध्ये तुम्ही तो पकडला, तर टीव्हीवर दोन सेकंद दिसता आणि चेंडू परत फेकता. फेकावाच लागतो, कारण तोच चेंडू पुढे वापरायचा असतो. टेस्टमध्ये एक चेंडू किमान ८० ओव्हर चालतो. त्याचं जुनं होणं हाच खेळाचा भाग आहे, त्यावर स्विंग आणि स्पिन ठरतं.

बेसबॉलमध्ये उलटं. चेंडूला माती लागली, ओरखडा आला की बदलतात. एका मॅचला शंभरच्या आसपास चेंडू लागतात. प्रेक्षकांत गेलेला चेंडू ज्याने पकडला त्याचा. म्हणजे तिथे साधा माणूस तिकीट काढून जातो आणि नशीब असेल तर इतिहास खिशात घालून घरी येतो.

शिवाय बेसबॉल पांढरा असतो. आत कॉर्क आणि रबर, त्यावर लोकरीचा धागा गुंडाळलेला, वर पांढरं कातडं आणि १०८ दुहेरी टाके. दोन शिवणी जिथे सगळ्यात जवळ येतात त्या अरुंद जागेला तिकडे ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात, आणि एकट्या खेळाडूची सही तिथे असेल तर भाव जास्त. आपला चेंडू आतून कॉर्क आणि धागाच, पण वरून लाल आणि पॉलिश केलेला. त्यावर सही करणं म्हणजे मेणकापडावर लिहिण्यासारखं. म्हणून सह्यांसाठी पांढरा पट्टा असलेले वेगळे चेंडू मिळतात, किंवा लाल चेंडूवर सोनेरी-चंदेरी मार्कर वापरतात.

चेंडूची किंमत नक्की कशाची?

१९९८ मध्ये मार्क मॅकग्वायरने एका सीझनमध्ये ७० होमरन मारले, तेव्हाचा विक्रम. सत्तराव्या होमरनचा चेंडू १९९९ मध्ये सुमारे ३० लाख डॉलरला गेला. घेणारा होता टॉड मॅकफार्लेन, ‘स्पॉन’ कॉमिकवाला.

मग २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ मारले. विक्रम गेला. त्या ७३ व्या चेंडूवरून दोन प्रेक्षक कोर्टात भांडले, एकाच्या ग्लोव्हमध्ये तो आधी आला आणि दुसऱ्याच्या हातात राहिला म्हणून. न्यायाधीशांनी सांगितलं, विका आणि अर्धे-अर्धे घ्या. २००३ मध्ये तो साडेचार लाख डॉलरला गेला, म्हणजे मॅकग्वायरच्या चेंडूच्या सहाव्या-सातव्या हिश्शात. पुढे २०१० मध्ये मॅकग्वायरने स्वतः स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं.

चेंडू तोच, कातडं तेच, टाकेही १०८. मग बदललं काय? त्याच्याभोवतीची गोष्ट. मी याला शेअर म्हणत नाही, कारण शेअरच्या मागे निदान कंपनी असते. इथे मागे फक्त आठवण आणि लोकांचा विश्वास असतो. तो वरही जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये जपानच्या शोहेई ओहतानीने एकाच सीझनमध्ये ५० होमरन आणि ५० चोरलेले बेस असं आधी कोणी न केलेलं काम केलं. पन्नासाव्या होमरनचा चेंडू पुढच्याच महिन्यात ४३ लाख ९२ हजार डॉलरला गेला. आपल्या हिशेबात साधारण ३७ कोटी. आणि हो, तिथेही ‘आधी मी पकडला होता’ म्हणत लोक कोर्टात गेलेच.

क्रिकेटमध्येही मोठे आकडे आहेत, फक्त ते बहुतेक बॅट आणि टोप्यांचे. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीने जो सिक्स मारला, त्या बॅटला त्याच वर्षी लंडनच्या लिलावात एक लाख पौंड आले. शेन वॉर्नची बॅगी ग्रीन टोपी जानेवारी २०२० मध्ये दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली आणि ते पैसे वणव्यात होरपळलेल्या लोकांसाठी दिले.

आपल्या जवळचं उदाहरण: पुणे

आता घाट चढून पुण्यात या. सहकारनगरमध्ये ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ नावाचं क्रिकेट म्युझियम आहे. रोहन पाटे यांनी उभं केलेलं. स्वतः महाराष्ट्राकडून ज्युनियर क्रिकेट खेळलेला माणूस. २०१० च्या सुमारास सचिनकडून एक बॅट मिळाली, तिथून नाद लागला आणि २०१२ मध्ये म्युझियमचं उद्घाटन सचिननेच केलं.

मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाकिस्तानचा कॅप्टन अझहर अलीने कोविडग्रस्तांच्या मदतीसाठी दोन वस्तू लिलावात काढल्या. त्यात एक बॅट होती, २०१६ मध्ये दुबईत वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ३०२ केलेली. ती पुण्याच्या या म्युझियमने दहा लाख पाकिस्तानी रुपयांना घेतली. दोन्ही देशांत द्विपक्षीय मालिका होत नाही, पण बॅट सहकारनगरला. भारी ना?

आणि चेंडूचं उदाहरण मुंबईचंच. डिसेंबर २०२१, वानखेडे. एजाझ पटेल, जन्म मुंबईचा, लहानपणी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. त्याच शहरात परत येऊन त्याने एका डावात भारताच्या दहाच्या दहा विकेट घेतल्या, ११९ रन देऊन. टेस्टच्या इतिहासात हे करणारा तिसराच. आधी १९५६ मध्ये जिम लेकर आणि १९९९ मध्ये कुंबळे. मॅचनंतर एजाझने सही केलेला चेंडू आणि टी-शर्ट मुंबई क्रिकेट असोसिएशनला त्यांच्या होणाऱ्या म्युझियमसाठी दिला. ते म्युझियम २०२५ मध्ये वानखेडेवर सुरूही झालं.

आता इथे कलेक्टर काय विचारतो बघा. कोणी म्हणालं, ‘हा एका डावात दहा विकेट घेतलेला चेंडू’, तर तो विचारेल, कुठला? डाव ८० ओव्हरच्या पुढे गेला असेल तर मध्ये नवा चेंडू घेता येतो. आकार बिघडला म्हणून अंपायर चेंडू बदलतात. मग आठ विकेटचा वेगळा आणि दोनचा वेगळा असं होऊ शकतं. हा चिकित्सकपणा नाही, हा या छंदाचा पाया आहे.

वस्तूची वंशावळ

तुमच्यातले जे कोडिंग करतात त्यांना एका वाक्यात सांगतो: सही म्हणजे फाईल, पण विश्वास बसतो तो गिट लॉगवर. कोणी, कधी, कुठून, कोणाच्या हातातून. या साखळीला मी वस्तूची वंशावळ म्हणतो. साखळीतली एक कडी तुटली की खरी वस्तूसुद्धा संशयात येते.

अमेरिकेत हे लोक दुधाने तोंड पोळल्यावर शिकले. नव्वदच्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ म्हणून चौकशी केली, खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या. त्यात मदर तेरेसांच्या खोट्या सह्या असलेले बेसबॉल सापडले. मदर तेरेसा आणि बेसबॉल! पण गिऱ्हाईक होतं म्हणून माल होता.

त्याच काळात टोनी ग्विन नावाच्या मोठ्या खेळाडूला दुकानात स्वतःच्याच खोट्या सह्या दिसल्या. २००१ पासून तिकडच्या मुख्य लीगने पद्धतच बदलली. मैदानात एक माणूस बसतो, बहुतेक पोलीस खात्यात काम केलेला. चेंडू खेळातून बाहेर आला की तो स्वतः बघतो, त्यावर होलोग्राम लावतो, नंबर डेटाबेसमध्ये जातो. साधं तत्त्व: जे मी डोळ्यांनी बघितलं नाही त्याला मी स्टिकर लावणार नाही.

आपल्याकडे प्रत्येक मॅचच्या प्रत्येक चेंडूला असं करायची पद्धत रूढ नाही. म्हणून जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

खोटी सही कशी ओळखायची?

कॉलेजात असताना मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १,८०० रुपयांना ‘सही केलेला’ चेंडू घेतला होता. बरोबर चकचकीत प्रमाणपत्र. दोन वर्षांनी त्याच विक्रेत्याने तसाच दुसरा चेंडू टाकला. मी दोन्हींचे फोटो फोनमध्ये एकावर एक ठेवले आणि वरचा अर्धा पारदर्शक केला. सही रेघेला रेघ जुळली.

इथेच पकडला. कारण कोणताही माणूस दोन वेळा अगदी एकसारखी सही करत नाही. बँकेतला माणूस तुमची सही ‘जुळत नाही’ म्हणून परत पाठवतो ना, तो या अर्थाने खऱ्या माणसालाच त्रास देतो. शंभर टक्के जुळली तर ती छापलेली किंवा मशीनची.

घरी करता येतील अशा चार गोष्टी:

एक, भिंग लावा किंवा फोनचा मॅक्रो मोड. छापलेल्या सहीत बारीक ठिपके दिसतात. खऱ्या सहीत शाईची सलग रेघ दिसते, आणि रेघ रेघेला छेदते तिथे शाई गडद होते.

दोन, वेग बघा. खरी सही झपकन होते, टोकाला रेघ बारीक होत जाते. नक्कल करणारा हळू चित्र काढतो, म्हणून रेघ थरथरते आणि टोकं बोथट येतात.

तीन, पेन आणि काळ जुळतोय का? १९८३ च्या टीमची, त्याच वर्षी केलेली सही म्हणतात आणि शाई आत्ताच्या चमकत्या जेल पेनची? नमस्कार करा आणि निघा.

चार, प्रमाणपत्र कोणाचं? विक्रेत्याने स्वतःच दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे मी स्वतःच स्वतःला दिलेलं कॅरेक्टर सर्टिफिकेट. तिसऱ्या कोणी तपासलंय का, सही होतानाचा फोटो आहे का, ते विचारा.

आणि सगळ्यात सोपी कसोटी, भाव. मोठ्या खेळाडूची सही हजार रुपयांत मिळत असेल तर ती सही नाही, तो तुमचा धडा आहे. माझा १,८०० ला पडला.

सांभाळायचं कसं (म्हणजे माझ्यासारखं करायचं नाही)

आता माझ्या गुन्ह्याचं विज्ञान. बॉलपेनच्या शाईतला रंग अल्कोहोलमध्ये विरघळतो. शर्टावर पेन फुटलं की आई स्पिरिट लावायची, आठवतंय? सॅनिटायझर म्हणजे जवळजवळ ७० टक्के अल्कोहोल. मी चेंडू पुसला नाही, शाई धुतली.

आणि बुरशी आली का? कर्जत-खालापूरला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर सतत राहिला की कातड्यावर बुरशी धरते. आपल्याकडे तो चार महिने त्याच्या वरच असतो. बंद स्टीलच्या डब्यात दमट हवा अडकली की आत नर्सरीच.

म्हणून हे करा. बुरशी दिसली तर आधी फोटो काढा. मग चेंडू कोरड्या, वारा असलेल्या जागी सावलीत ठेवा. कोरडी झाली की मऊ ब्रशने, तोंडाला मास्क लावून, सही सोडून बाकीची हलकेच झटका. पाणी, सॅनिटायझर, तेल, बूट पॉलिश, नेलपॉलिशचा थर, काहीही लावू नका. ‘सही टिकावी म्हणून वरून वॉर्निश’ हा सल्ला इंटरनेटवर सापडेल. शाई त्यातच विरघळून पसरते.

ठेवताना हवाबंद डबा आणि आत सिलिका जेल. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ते ओलं झालं की कळतं. छोटा आर्द्रतामापक दोन-तीनशे रुपयांत मिळतो, काटा ४०-५० टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न करा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ते चिकटतं आणि शाई उचलतं. आणि शोकेसमध्ये खिडकीसमोर तर मुळीच नको. ऊन शाई खातं. वर्तमानपत्र दारात पडलं तर काय होतं ते आठवा.

चेंडू हाताळताना हात धुऊन कोरडे करा, आणि सहीवर बोट नाही.

मग पुसलेल्या सहीचं काय?

माझा चुलत भाऊ चित्रं छान काढतो. माझ्या फोनमध्ये चेंडूचा २०१९ चा एक फोटो सापडला, त्यात कीपर काकांची सही तीन-चतुर्थांश दिसते. भाऊ म्हणाला, "दे, मी हुबेहूब काढतो. कोणाला कळणार पण नाही." खरं सांगतो, मी चेंडू त्याच्या हातात दिला होता. बाबांना तरी बरं वाटेल म्हणून.

बाबा बाजूच्या खोलीत होते. तिथून म्हणाले, "आणि मग ती कोणाची सही?"

आम्ही चेंडू डब्यात ठेवला. नंतर वाचताना कळलं की कलेक्टर मंडळींचाही हाच नियम आहे. फिकी पडलेली सही वरून गिरवली की ती सही उरत नाही, खोटी होते. पुसट खरी चालते, गिरवलेली चालत नाही. एवढं सगळं वाचून मी जिथे पोचलो तिथे बाबा एका वाक्यात पोचले होते.

मग मी दुसरं काम केलं. त्या वंशावळीचं. एका रविवारी बाबांसमोर फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. सह्या कोणी केल्या, कोणत्या क्रमाने, पेन कोणाचं होतं, फायनल कुठल्या शेतात झाली. पेन स्कोअररचं होतं. कीपर काकांनी सगळ्यात शेवटी सही केली, कारण ते पॅड सोडत बसले होते आणि म्हणत होते, ‘माझी जागा ठेवा रे.’ म्हणून त्यांची सही शिवणीला खेटून, कोपऱ्यात होती. हे चेंडूवर कधीच लिहिलेलं नव्हतं. मी इतकी वर्षं ती सही बघत होतो आणि मला माहितीच नव्हतं.

ते रेकॉर्डिंग, २०१९ चा फोटो आणि आत्ताचे फोटो आता एका फोल्डरमध्ये आहेत, एक प्रिंट डब्यात. त्यात स्पष्ट लिहिलंय की दोन सह्या मी सॅनिटायझरने पुसल्या, तारखेसकट. वंशावळीत चूकही लिहायची असते. मी काकूंकडे जाऊन त्यांनाही सांगितलं आणि रेकॉर्डिंगमधला तेवढा भाग ऐकवला. त्यांनी तो परत लावायला सांगितला.

या चेंडूला बाजारात भाव शून्य. अकरा जणांतलं एकही नाव तुम्हाला माहीत नाही. पण आज सांगितलेला प्रत्येक नियम त्याला ओहतानीच्या चेंडूइतकाच लागू पडतो.

तर आजचा गृहपाठ. घरी असेल तुमच्याकडे काहीतरी. मामाची बॅट, आजोबांची कबड्डीची ट्रॉफी, सही केलेला एखादा चेंडू. या रविवारी बाहेर काढा. पुसू नका. चारही बाजूंनी फोटो घ्या आणि ज्याला त्याची गोष्ट माहीत आहे त्याच्यासमोर फोन ठेवून विचारा, कोणी, कधी, कुठे. दहा मिनिटं लागतील.

आणि सॅनिटायझर लांब ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या.